कुलूपवाल्या कपाटातलं समीक्षेचं पुस्तक

संपादकांनी या अंकासाठी वाचनालयातल्या गमतीजमती मागितल्या, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. गमती सांगण्यात मी पटाईत आहे. त्या सांगून सांगूनच एक गोष्ट मी इतकी वर्षं बाजूला ठेवत आलो. कुणी वाचनालयाचा विषय काढला की मी निवृत्त हवालदाराचा किस्सा सांगतो. शेवटची पानं फाटलेल्याच रहस्यकथा ते मागायचे. "शेवट आमचा आम्ही लावतो," म्हणायचे. नाहीतर त्या बाईंचा, ज्या घरगड्याच्या हाती निरोप पाठवायच्या, "रडू येईल असं एखादं द्या, पण फार जाड नको." लोक हसतात, चहा येतो, विषय संपतो. मीही घरी येतो. मग रात्री दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहतो आणि बायको अंथरुणातून विचारते, "आज पुन्हा वाचनालयाचं बोलणं निघालं का?"

या वेळी ते बाजूला ठेवता येणार नाही.

भोकरदनच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. नोकरीला लागलो तिथेच आणि निवृत्त झालो तिथेच. ज्यांनी असं वाचनालय आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे पुस्तकं विषयवार लावायची शास्त्रशुद्ध पद्धत होती, पण ती फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. वाचक कपाटं ओळखायचे. कादंबऱ्यांचं कपाट दाराशी, कारण ते सगळ्यात जास्त उघडायचं. समीक्षेचं कपाट अगदी कोपऱ्यात. पावसाळ्यात त्याचं दार फुगायचं आणि दिवाळीपर्यंत उघडायचं नाही. त्याबद्दल माझ्या सबंध नोकरीत एकाही वाचकाने तक्रार केली नाही.

आणि माझ्या टेबलामागे होतं कुलूपवालं कपाट. ज्योतिष, मंत्र-तंत्र, झाडपाला, वशीकरण अशी पुस्तकं त्यात. ही पुस्तकं फार चोरीला जायची म्हणून त्याला कुलूप लावलेलं आणि किल्ली माझ्या खिशात. त्यातलं पुस्तक हवं असेल तर मलाच मागावं लागे. माणूस टेबलाशी येऊन उगाच वर्तमानपत्र चाळायचा, इकडेतिकडे बघायचा, मग हळूच म्हणायचा, "ते कुलूपातलं एखादं..."

माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी मला पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवला होता. वाचकाला पुस्तक कशासाठी हवं, हे विचारायचं नाही. "कशाला पाह्यजे म्हनून इचारलं, की त्यो पुन्यांदा येत न्हाई," ते म्हणायचे. हा नियम मी नोकरीभर पाळला. त्याचा मला अभिमानही होता.

दुसरी एक सवय मात्र माझी स्वतःची. नवं पुस्तक आलं की मी पहिलं पान वाचायचो, मधलं एखादं उघडायचो, शेवटचं वाचायचो आणि उभ्या उभ्याच ठरवायचो की हे कोणत्या कपाटात जाईल, कोण नेईल, वाचण्याजोगं आहे की नाही. वर्षाला येणारी सगळी पुस्तकं पूर्ण वाचायची म्हटलं तर ग्रंथपालाला जेवायलाही वेळ मिळायचा नाही. माझा अंदाज सहसा चुकायचा नाही. सहसा.

गेल्या उन्हाळ्यात संभाजीनगरहून एका मुलीचा फोन आला. विद्यापीठात संशोधन करते. विषय धुराजीबुवांची कविता.

"काका, धुराजीबुवांवर सगळ्यात आधी एका शिक्षकांनी लिहिलं होतं म्हणतात. ते पुस्तक कुठंच मिळेना. तुमच्या वाचनालयात एक प्रत आहे असं कळलं."

"असेल," मी म्हणालो.

"आमचे सर म्हणतात, ते जुनं झालं, सोडून दे. नंतर बरंच लिहिलं गेलंय. तुम्ही सांगा ना, वाचण्याजोगं आहे का? तेवढ्यासाठी यायचं का मी तिथपर्यंत?"

"बघून सांगतो," एवढंच बोलून मी फोन ठेवला. ते पुस्तक वाचण्याजोगं आहे की नाही हे मला सांगता येत नव्हतं, कारण मी ते वाचलेलंच नव्हतं. आणि ते न वाचल्यामुळे एका मुलीचे कान गेले होते आणि एका माणसाचं लिहिणं.

धुराजीबुवा राजूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहायचे. मेंढरं राखणाऱ्या घरातले. विंचू उतरवायचे, अंगारा द्यायचे, बाधा झालेल्या माणसासमोर बसून रात्र काढायचे. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला आलेली माणसं परतताना त्यांच्या ओट्यावर टेकायची. बुवा चौथी शिकलेले होते आणि कविता करायचे. त्या कविता ते कुणाला फारशा म्हणून दाखवत नसत. जवळच्या शाळेत मराठी शिकवणारे भानुदास सर त्यांच्याकडे बसू लागले आणि बुवांनी त्यांना त्या सांगितल्या. बुवा गेल्यावर सरांनी पुस्तक लिहिलं. कविता थोड्या, त्यांवरचं विवेचन जास्त. जालन्याच्या एका छापखान्यात ते छापलं. छापखानेवाल्याने सरांना न विचारता मुखपृष्ठावर पेटलेली धुनी आणि त्यात कवटी टाकली.

सर पहिली प्रत घेऊन माझ्याकडे आले ते कपाळाला हात लावूनच.

"रामकिसनराव, पाह्यलं का काय करून ठेवलं? मी कवितेवर लिहिलं आणि यानं पंचांगवाल्याचा ठोकळा छापला."

"सर, आता लोक उचलतील तरी," मी म्हणालो. "नुसतं विवेचन म्हटलं असतं तर कोण हात लावणार होतं?"

"असं म्हणता?" सर हसले. "वाचून सांगा मंग. तुम्ही वाचून सांगाल ते मला पटंल."

मी पहिलं पान वाचलं, मधलं पाहिलं, शेवटचं वाचलं. अनुक्रमणिकेत कवितांची नावं होती : विंचू, ताप, तहान, उंबरा, नजर. आणि मी ठरवलं, हे समीक्षेच्या कपाटात गेलं तर तिथेच मरेल. आपल्या माणसाचं पुस्तक आहे, लोकांच्या हाती जावं. म्हणून मी पाठीवर 'मंत्र-तंत्र' अशी चिठ्ठी खळीने चिकटवली आणि ते कुलूपवाल्या कपाटात ठेवलं. माझ्या मते मी सरांवर उपकार करत होतो. झालंही तसंच. पुस्तक महिन्याभरात तीन-चारदा बाहेर गेलं. मी सरांना ते अभिमानाने सांगितलं. कोणत्या कपाटातून, ते मात्र सांगितलं नाही. सर लाजल्यासारखे हसले आणि म्हणाले, "वाचून राह्यले म्हणजे लोक!"

मग एक दिवस आबाराव आले. जवळच्याच गावचे शेतकरी. आमचे जुने सभासद. पोथ्या आणि शेतीची पुस्तकं न्यायचे. टेबलाशी उभे राहिले.

"कुलूपातलं एखादं पाह्यजे व्हतं. तापावर काही हाय का?"

मी तेव्हा असं विचारायला हवं होतं, की ताप कुणाला आहे? किती दिवस आहे? डॉक्टरला दाखवलं का? पण मी नियम पाळला. उलट मला माझ्या कामाची हुशारी दाखवायची संधी वाटली. मी कपाट उघडलं, सरांचं पुस्तक काढलं, अनुक्रमणिका पाहिली, 'ताप' कवितेचं पान उघडलं आणि कागदाचा कपटा खूण म्हणून आत घालून पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"हे पान बघा."

"धुराजीबुवाचं हाय व्हय?" आबारावांचा चेहरा एकदम हलका झाला. "मंग तर बराबर हाय."

काही दिवसांनी त्यांचा भाऊ आला. त्याने पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं.

"ह्ये घ्या तुमचं. पोरगी औरंगाबादला दवाखान्यात हाय. डोक्यात ताप गेला म्हनतेत. दादा रोज उशाला बसून ह्येच वाचून राह्यल्ता. आम्ही म्हनलं जल्दी गाडी करू, तर म्हने, बुवाचा सबूद हाय, थांबा."

मुलगी वाचली. दोन्ही कानांनी ऐकू येणं बंद झालं. तिचं नाव संगीता. तेव्हा ती शाळेत जात होती.

गावात संताप उसळला. आबारावांवर नाही, ते तर बाप होते. राग निघाला सरांवर. मास्तर असून मंत्राचं पुस्तक छापलं, लोकांना नादी लावलं. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारी तालुक्यातली मंडळीही चिडली आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या अध्यक्षांनी सगळ्यांना वाचनालयात बोलावलं.

त्या दिवशी सकाळी समोरचा चहावाला म्हणाला, "साहेब, आज तुमच्याकडं लई गर्दी हाय म्हने." मी शटर अर्धंच वर केलं, आत शिरलो आणि ते पुस्तक घेतलं. फडकं ओलं करून पाठीवरची चिठ्ठी सोलली. खळ निघता निघेना. त्या जागी नवी चिठ्ठी लावली : 'समीक्षा'. ती जुनीपेक्षा थोडी लहान होती, कडेने डाग दिसत होता. पुस्तक मी तेव्हाही उघडलं नाही. उघडायची भीती वाटली.

दुपारी वाचन-कक्ष भरला. पुस्तक टेबलावर मधोमध. लोक ओरडत होते, सर उभे होते. सर शांतपणे सांगत होते की यात मंत्र नाहीत, हे कवितेचं पुस्तक आहे, असं आत स्पष्ट लिहिलं आहे.

"मंग मंत्राच्या कपाटात कसं व्हतं?" आबाराव म्हणाले. "मला कुलूपातनं काढून देलं ह्येनी."

सगळे माझ्याकडे वळले. सरही वळले. त्यांनी विचारलं, "रामकिसनराव, तुम्हीच सांगा. पुस्तक कोणत्या कपाटात होतं?"

सरांना माझी खात्री होती. ते विचारताना त्यांचा आवाज अगदी निर्धास्त होता.

"समीक्षेच्या," मी म्हणालो.

मला नोकरीची भीती वाटली, लोकांची वाटली, त्या मुलीच्या आईची वाटली. ती दाराशी उभी होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

अध्यक्षांनी पुस्तकाची पाठ लोकांना दाखवली. कुणीतरी म्हणालं, "आबाराव, पोरीचं दुःख हाय म्हनून खोटं बोलू नका." आबारावांनी पुस्तक हातात घेतलं. पाठीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. पुस्तक खाली ठेवून ते काही न बोलता निघून गेले आणि पुन्हा कधी वाचनालयाची पायरी चढले नाहीत.

सरांनी दुकानांतून, शाळांतून, ओळखीच्यांकडून आपल्या पुस्तकाच्या प्रती स्वतः गोळा केल्या. पुढच्या वर्षी त्यांची अंबड तालुक्यात बदली झाली. ती झाली की त्यांनी मागून घेतली, हे मला कळलं नाही. आमची प्रत अध्यक्षांनी काढून टाकायला सांगितली होती. मी ती कोपऱ्यातल्या कपाटात, जाड ग्रंथांच्या मागे सरकवली. फुगणारं ते दार पहिल्यांदाच माझ्या उपयोगी पडलं.

संभाजीनगरच्या त्या मुलीच्या फोननंतर मी वाचनालयात गेलो. नव्या ग्रंथपाल बाईंनी पुस्तक शोधायला मदत केली. "काका, याची पाठ अशी डागाळलेली का?" त्यांनी विचारलं. मी ओलीचं कारण सांगितलं. म्हणजे अजूनही खोटंच.

घरी आणून मी ते पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, बसून.

आता कामाचं सांगतो, कारण प्रश्न तोच होता. हे पुस्तक वाचण्याजोगं आहे का?

त्यात दोष आहेत. पहिलं प्रकरण कंटाळवाणं आहे. मंत्रविद्येचा इतिहास सांगण्यात पानं गेली आहेत आणि ती इतर ग्रंथांतून उतरवलेली वाटतात. आपण खेड्यातले शिक्षक आहोत, आपल्याला कोण विचारणार, या धास्तीने सर दर दोन पानांवर संस्कृत वचन घालतात. बुवांवर माया एवढी, की बऱ्यावाईट सगळ्याच कविता त्यांना थोर वाटतात. कोणती कविता आधीची, कोणती नंतरची, याचा पत्ता नाही. नंतरच्या अभ्यासकांनी हे सगळं नीट केलं असेल.

पण तिसरं प्रकरण वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. सर तिथे एकच साधा प्रश्न विचारतात. मंत्र म्हणणारा माणूस कविता कशाला करील? त्याच्याकडे तर शब्द आहेतच. मग ते मंत्र आणि कविता शेजारी शेजारी ठेवून दाखवतात. मंत्र हुकूम सोडतो : उतर, जा, सोड. मंत्राला सगळं ठाऊक असतं. बुवांच्या कवितेत एकही हुकूम नाही. तिच्यात नुसते प्रश्न आहेत. 'ताप' ही कविता अशी :

तापा रे, तुझं गाव कोणतं?
तुला बी कुणी हाकललं का?
लेकराच्या कपाळी टेकलास,
तुझा तुला चटका न्हाई का?

मी आबारावांना खूण घालून दिलेलं पान ते हेच. पान उलटलं की मागच्या बाजूला सरांनी लिहिलं आहे : बुवांची स्वतःची मुलगी तापाने गेली. त्यांनी तिच्यावर सगळे मंत्र टाकून पाहिले आणि एकही चालला नाही. त्यानंतर त्यांनी ही कविता केली. ती त्यांनी कधी कुणा आजाऱ्यावर म्हटली नाही. सरांनाही बजावलं, की ही कुणावर म्हणायची नाही. तापाला दवाखाना, आणि आपल्याला हे. जिथे मंत्र हरतो तिथे बुवांची कविता सुरू होते, असं सर म्हणतात.

एक पान उलटायचं राहिलं होतं. माझं राहिलं म्हणून आबारावांचंही राहिलं.

नंतर कुणी कितीही लिहिलेलं असो, सर बुवांच्या ओट्यावर बसले होते, बुवांचा आवाज त्यांनी ऐकला होता. ते पान दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. मी त्या मुलीला फोन करून सांगितलं, "ये. पहिलं प्रकरण सोड, तिसरं दोनदा वाच." ती येऊन वाचून गेली. जाताना म्हणाली, "काका, यांनी पुढं काहीच का लिहिलं नाही?"

त्या प्रश्नानंतर मला घरात बसवेना. मी वडीगोद्रीला जायचं ठरवलं. निवृत्तीनंतर सर तिथे मुलाकडे राहत होते. मुलाचं हमरस्त्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, मागे घर. भोकरदनहून जालना, जालन्याहून अंबडमार्गे वडीगोद्री. सबंध वाटेत मी एक वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवत होतो. शेजारच्या बाई शेवटी म्हणाल्या, "बाबा, तब्येत बरी हाय ना?"

सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. नजर बरीच गेलेली. मी नाव सांगितलं तशी त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"अरे, रामकिसनराव! पुस्तक परत न्यायला आले काय? माझ्याकडं तुमचं काही राह्यलंय का?"

"नाही सर, तुमचं काही राह्यलं नाही."

"बसा, बसा. सूनबाई, चहा ठेव गं. आमच्या लायब्ररीचे साहेब आलेत. हे एकटे त्या दिवशी माझ्या बाजूनं उभे राह्यले व्हते बरं का."

सूनबाईंनी मला वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतले.

इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. चहा झाला. मग मी विचारलं, "सर, पुढं लिहिलं का नाही?"

सरांनी कप चाचपून खाली ठेवला. मग म्हणाले, "लिहिलं व्हतं. बुवांच्या बाकीच्या कवितांवर दुसरं पुस्तक तयार व्हतं. चुलीत घातलं."

"का?"

"तुमच्या एका शब्दामुळं." मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय. सर मात्र समजावून सांगत होते, वर्गात सांगतात तसं. "तुम्ही म्हणले, पुस्तक समीक्षेच्या कपाटात व्हतं. मी घरी जाऊन इचार केला. मंत्राच्या कपाटात असतं तर म्हणलो असतो, कपाटानं घोळ केला. पण समीक्षेच्या कपाटातून काढून बी माणूस ते मंत्र म्हणून नेतो, लेकराच्या उशाला बसून वाचतो, तर मंग चूक माझ्या लिहिण्यातच आसंल. कविता आणि मंत्र यांतला फरक सांगायला मी पुस्तक लिहिलं आणि तोच मला सांगता आला न्हाई. एका पोरीचे कान गेले. पुन्हा कशाला लिहायचं?"

ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. सून कपबशा उचलत होती, नातू दप्तर टाकून आजोबांच्या मांडीशी आला होता. मला वाटलं, हे आत जाऊ देत, मग बोलू. ते आत गेले. मग वाटलं, सरांना धक्का बसेल, रक्तदाब असेल. अशी कारणं मला नेहमी भराभर सुचतात.

मी पोळ्यानंतर पुन्हा जायचं ठरवलं होतं. पोळ्याच्या आधीच सरांच्या मुलाचा फोन आला. सर गेले.

मग मात्र मी आबारावांकडे गेलो, आणखी उशीर नको म्हणून. ते गोठ्याशी वैरण टाकत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "नव्या चिठ्ठीखाली जुन्याचा डाग व्हता. त्याच दिवशी पाह्यला."

"मंग बोलले का नाही, आबाराव?"

"काय बोलू? पोरीला ऐकू येईना झाल्तं, तवा लोकायला ऐकवून काय करू? आन् चूक माझी बी व्हती. तुम्ही म्हनले ह्ये पान, मी तेवढंच वाचलं. मागं पुढं पाह्यलं न्हाई." मग म्हणाले, "मास्तरला सांगितलं का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग मला सांगून काय उपेग?" ते म्हणाले आणि पेंढी बैलापुढे टाकली.

संगीता आता राजूरला सासरी असते, मंदिराच्या रस्त्यावर नवऱ्याबरोबर हार-नारळाचं दुकान बघते. तिच्यासमोर जायचं धाडस मला अजून झालेलं नाही. हा अंक निघाला की तो घेऊन जाईन. तिला वाचता येतं.

नोंद म्हणून इथे स्पष्ट लिहितो. आबाराव त्या दिवशी खरं बोलले होते. पुस्तक मंत्राच्या कपाटात होतं. चिठ्ठी मी लावली होती आणि मीच बदलली. भानुदास सरांच्या पुस्तकात कविता आणि मंत्र यांतला फरक इतका स्वच्छ सांगितलेला आहे, की तो कुणालाही कळावा. वाचणाऱ्याने पान उलटलं पाहिजे, एवढंच.

त्या दिवशी वडीगोद्रीहून निघताना सर मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. नको म्हटलं तरी ऐकेनात. माझा दंड धरून, पायाने जमीन चाचपत चालत होते. आम्ही दुकानांच्या सावलीत उभे राहिलो. ट्रक जात होते, धुळीने सर डोळे मिटून घेत होते. अंबडची गाडी लांबून दिसली तेव्हा त्यांनी दंडावरची पकड घट्ट केली.

"रामकिसनराव, एक इचारतो. तुम्ही वाचून सांगतो म्हणले व्हते. लई वर्षं झाली. वाचलं का?"

"वाचलं, सर."

"मंग खरं सांगा. मन राखायला बोलू नका. वाचण्याजोगं हाय का हो ते?"

"आहे, सर," मी म्हणालो. "फार चांगलं आहे."

सर हसले. न दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले, जणू मी आणखी काही बोलणार आहे हे त्यांना कळलं होतं. गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, "चला बाबा, जल्दी करा." मी पायरीवर चढलो, दांडा धरला, मागे वळलो. वाक्य तयार होतं. सकाळपासून, वर्षानुवर्षांपासून तयार होतं. कंडक्टरने दार ओढलं आणि काचेआड सर हात हलवत मागे मागे जाऊ लागले, तेव्हा कुठे ते माझ्या तोंडून निघालं.

तुमचं पुस्तक बराबर होतं, सर. कपाट मी चुकवलं. मला माफ करा.